घड्याळाखालची खुर्ची

नव्याने लागलेल्या समुपदेशकांचं प्रशिक्षण असलं की पहिलं सत्र माझं असतं. मी घड्याळापासून सुरुवात करते. खोलीत घड्याळ कुठे लावायचं? बहुतेक जण म्हणतात, मुलाला दिसेल असं. चूक. मुलाच्या खुर्चीमागे लावायचं, तुम्हाला दिसेल असं. तुम्ही मनगटाकडे बघितलंत की समोरचा उठतो आणि त्याचं बोलणं अर्धं राहतं. दुसरं, खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या हव्यात, म्हणजे बोलणाऱ्याला नजर टेकवायला खिडकी मिळते. तिसरं, पाण्याचा तांब्या जवळ हवा. रडणाऱ्याला पाणी द्या, रुमाल देऊ नका. रुमाल पुढे केला की माणसाला वाटतं, आता पुरे म्हणतायत.

मुलं-मुली भराभर लिहून घेतात. चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

पुस्तकात असेलही, मला ठाऊक नाही. मला हे साळवे मॅडमनी शिकवलं. आणि शिकवलं तेव्हा मी समुपदेशक नव्हते, कॉलेजच्या कार्यालयात विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर बसणारी कारकून होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या कडेला आमचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. बैठी इमारत, मागे वाळत घातलेल्या मिठाचे ढीग, पुढे उत्तन-डोंगरीकडे जाणारा रस्ता. कार्यालयात हेडक्लार्क म्हात्रे होते. जुन्या भाईंदर गावातले, उंचेपुरे, आवाज मैदानात पोचेल असा. गावातली कुठलीही बातमी आधी त्यांच्याकडे यायची आणि मग तिथून वाटली जायची. साळवे मॅडम मानसशास्त्र शिकवायला रुजू झाल्या, त्या दिवशी पहिला प्रश्न अर्थात त्यांनीच विचारला.

"साळवे म्हणजे कुठल्या तुम्ही?"

"नांदेडच्या."

"न्हाय, तसं नाही. म्हणजे..."

"म्हणजे तुम्ही जे विचारायलात तेच, म्हात्रे. बौद्ध. आता मस्टर कुठं आहे ते सांगा."

म्हात्र्यांनी मस्टर पुढे सरकवलं. मॅडमनी सही केली, पेन नीट टोपण लावून परत ठेवलं आणि वर्गावर गेल्या. त्या आवाज चढवत नसत आणि कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. फिकट रंगाची सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात पुरुषांची असते तशी मोठी काळी छत्री. ती छत्री बाराही महिने असायची. मनगटावर घड्याळ मात्र त्या कधी बांधत नसत.

प्राचार्यांनी त्यांच्यावर विद्यार्थी मार्गदर्शन कक्षही सोपवला. कक्ष म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची, खेळाचं सामान ठेवायची खोली. आत रबरी चेंडूंचा वास. टेबल हवंय का, कपाट हवंय का, असं प्राचार्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "फक्त कडी दुरुस्त करून द्या. दार लागलं पाहिजे. बाकी माझं मी बघते."

दार लागू लागलं आणि माझी पंचाईत सुरू झाली. माझ्या खिडकीतून ते दार समोर दिसायचं. मुलगा आत जाताना खाली मान घालून जायचा आणि बाहेर येताना कधी शीळ घालत यायचा, कधी आणखी गप्प होऊन. आत काय होतं? मॅडम काय सांगतात? मी नीटनेटकी बाई आहे. कुठल्याही कामाची पायरी एक, पायरी दोन अशी मांडणी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. या कामाच्या पायऱ्या मला दिसतच नव्हत्या.

एकदा धीर करून विचारलं. "मॅडम, आत तुम्ही नेमकं काय सांगता?"

"काहीच नाही, राणे. लोकांना वाटतं मी सांगते. मी बसते."

एवढ्यावर माझं समाधान होणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात त्या कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी सुटल्यावर सगळे थोडं थांबत जा. मला तुम्हाला काही दाखवायचंय."

म्हात्रे म्हणाले, "आम्हाला? आम्ही काय मुलांचे मार्गदर्शक आहोत काय?"

"मुलं माझ्याकडे येण्याआधी तुमच्या खिडकीवर येतात," मॅडम म्हणाल्या. "तिथंच बिनसलं तर माझ्या दारापर्यंत कोण येणार?"

अशी शनिवारची शिकवणी सुरू झाली. हे नाव म्हात्र्यांनी चेष्टेत दिलं आणि तेच रूढ झालं. आम्ही कार्यालयातले चौघं, ग्रंथपाल आणि शिपाई मोरे. पहिल्या शनिवारी मॅडमनी सगळ्यांना कार्यालयाबाहेर काढलं आणि खिडकीसमोर रांगेत उभं केलं. आत फक्त मी. प्रत्येकाने विद्यार्थी होऊन बोनाफाईड मागायचं.

आमची खिडकी आम्ही बसतो त्या उंचीला बेतून केलेली होती. आतून ती छान वाटायची. म्हात्र्यांची पाळी आली तेव्हा त्यांना कमरेत वाकून, मान तिरकी करून आत बघावं लागलं. मी सवयीने कागदावरून नजर न उचलता म्हटलं, "उद्या या."

"अहो, वर तरी बघा बाई," म्हात्रे खिडकीतून म्हणाले. मागे मोरे हसायला लागला. "साहेब, असं वाटतंय तुम्ही पाया पडताय राणेबाईंच्या."

म्हात्रे सरळ झाले. सोमवारी मी कामावर आले तर त्यांच्या गावातला सुतार खिडकीची चौकट काढून बसला होता. खिडकी वर गेली, आमच्या खुर्च्यांखाली लाकडी फळ्या आल्या. प्राचार्यांना विचारलंत का, असं मी म्हटलं. म्हात्रे म्हणाले, "प्राचार्यांना सांगा, वाकून बघा एकदा."

मॅडमनी तीन वाक्यांवर बंदी घातली होती. 'आमच्या वेळी', 'त्यात काय एवढं' आणि 'मी तुझ्या जागी असतो तर'. शिकवणीत जो हे म्हणेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. चहा बहुतेक वेळा म्हात्र्यांनीच केला. त्यांचा चहा फार चांगला असायचा, आलं ठेचून घातलेला, त्यामुळे आम्ही मुद्दाम त्यांना डिवचायचो. मोरे म्हणायचा, "साहेब, तुमच्या वेळी फी किती होती हो?" आणि म्हात्रे बेसावध सुरुवात करायचे, "आमच्या वेळी," आणि लगेच कपाळाला हात लावून स्टोव्हकडे वळायचे.

मग ऐकण्याचा शनिवार आला. दोघांनी बसायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचं आणि फक्त 'हं, पुढे?' म्हणायचं. आम्हाला हे इतकं आवडलं की आम्ही ते सोमवारपासून अमलात आणलं. चेण्याहून येणारा अकरावीतला एक मुलगा एसटीच्या कन्सेशनचा फॉर्म न्यायला आला. फॉर्म संपले होते, नवे दुपारी यायचे होते. मी त्याला बसवलं. "हं, पुढे?" म्हटलं. पोरगा म्हणाला, "पुढे काही नाही, फॉर्म पाहिजे." ग्रंथपाल आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मोरेने पाणी आणून दिलं. शेवटी म्हात्रे त्याच्या शेजारी बसले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "बोल, मी ऐकतोय." तो आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. पोरगा रडकुंडीला आला आणि फॉर्म न घेताच पळाला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील खिडकीत उभे. "काय केलंय आमच्या पोराने? सगली बसवून बसवून विचारतान, तुला काय हाय, तुला काय हाय. काय हाय त्याला? आम्हाला तरी सांगा."

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा आमच्यासमोर मोकळेपणाने हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ज्याला फॉर्म हवा, त्याला फॉर्म द्या. ज्याला नुसता फॉर्म नको असतो, तो फॉर्म घेऊनही जात नाही. एवढंच बघायचं."

हे वाक्य मी आजही प्रशिक्षणात सांगते. सांगताना कळतं, याच्या पायऱ्या पाडता येत नाहीत.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर यायचं ठरलं. त्यांना बंद, धूळ नसलेली खोली हवी. दार नीट लागणारी खोली एकच होती. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मी कागदांवर सह्या घ्यायला तिथेच उभी होते.

"तुम्हाला ग्रंथालयात कोपरा देतो," प्राचार्य म्हणाले. "प्लायवूडचं पार्टिशन लावून."

"पार्टिशनमधून ऐकू येतं, सर."

"हळू बोलायचं."

"हळू बोलणारी मुलं माझ्याकडे येतच नाहीत, सर. जी येतात ती कधी ओरडतात, कधी रडतात."

"मॅडम, संस्थेचा निर्णय आहे. जग कुठे चाललंय."

मॅडमनी विचारलं, "कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं म्हणे?"

"हो, धूळ चालत नाही त्याला."

"बरं," म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांना कसली चिंता होती हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी डोंगरीहून येणारी दर्शना नावाची मुलगी दर मंगळवारी त्यांच्याकडे यायची. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. वडील आजारी पडले होते, होडी किनाऱ्याला पडून होती, सकाळी आईबरोबर बाजारात मासळी घेऊन बसायचं आणि मग कॉलेज. आजारपणाचं आणि बाजाराचं म्हात्र्यांकडून कळलं होतं. वर्गात तिला काय सोसावं लागत होतं, त्याचा अंदाज मला खिडकीतूनच आला होता. रांगेत ती सगळ्यांच्या मागे, दोन हात अंतर ठेवून उभी राहायची आणि पुढची मुलगी नाकाला ओढणी लावायची. कॉलेज सोडल्याचा दाखला काढू का, असं तिने मला एकदा विचारलं होतं. दाखला एकदा काढला की मुलगी परत येत नाही, हे आम्हा खिडकीवाल्यांना चांगलं माहीत असतं. दर मंगळवारी ते दार बंद व्हायचं आणि दाखला आणखी एक आठवडा पुढे जायचा. आता दारच जाणार होतं.

ज्या दिवशी खोली रिकामी केली, त्या दिवशी मॅडम भिंतीवरचं घड्याळ घेऊन कार्यालयात आल्या. मोरेला म्हणाल्या, "हे खिडकीबाहेर समोरच्या भिंतीवर लाव. रांग उभी राहते त्याच्या वर."

म्हात्रे म्हणाले, "अहो, तिथं आम्हाला मान वर करून बघावं लागेल. आणि रांगेतली पोरं मध्ये येतील."

"येऊ द्या की. वेळ बघायची तर पोरांच्या तोंडाकडे बघून बघा."

ग्रंथालयातल्या त्या कोपऱ्यात मॅडम एकदाही बसल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी मी बघते तर त्या फाटकापाशी छत्री उघडून उभ्या आणि शेजारी दर्शना. दोघी मिठागराच्या बांधावरून एसटीच्या स्टॉपकडे चालायला लागल्या. मग रोजच कुणी ना कुणी त्यांच्याबरोबर दिसू लागलं. दोन्हीकडे पाणी भरलेले वाफे, मध्ये कच्चा बांध, हाकेच्या अंतरात माणूस नाही. आमच्या मागच्या खिडकीतून तो बांध सरळ दिसायचा, त्यामुळे मला आता दाराऐवजी बांध बघायचं काम लागलं. ऐकू तर काहीच यायचं नाही. पण बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चालायला लागताना मॅडमची छत्री त्यांच्या आणि मुलाच्या मधल्या हातात असायची, अर्धी सावली याच्यावर, अर्धी त्यांच्यावर. कुठेतरी मध्यावर त्या छत्री पलीकडच्या हातात घ्यायच्या. त्यानंतर मुलगा थोडा जवळून चालायचा, मान खाली, हात हलायला लागलेले.

मी विचारलं, "मॅडम, तुम्ही छत्रीचा हात का बदलता?"

त्यांनी हातातल्या छत्रीकडे बघितलं. "बदलते का? माझ्या लक्षात नाही आलं." मग म्हणाल्या, "दांडा मध्ये येत असेल, राणे. माणूस खरं बोलायला लागलं की मध्ये काही नको वाटतं."

"आणि आता वेळेचं कसं करता? बांधावर घड्याळ नाही."

"स्टॉप आला की वेळ संपली. बस कुणासाठी थांबत नाही, हे मुलांना पण माहीत असतं. मी स्टॉपवरून कुणाला घेऊन कधीच मागे फिरत नाही. एकदा फिरलं की मग पुढच्या वेळी स्टॉप येऊच नये असं वाटतं त्यांना."

हा त्यांचा नियम होता आणि तो मोडलेला मी पाहिला नव्हता. समोर कितीही रडणारं मूल असो, स्टॉपवर त्या उभ्या राहायच्या, बसमध्ये बसवून द्यायच्या आणि एकट्या परत यायच्या.

त्याच वर्षी परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत मॅडम भाऊ आजारी म्हणून नांदेडला गेल्या. नेमका त्या आठवड्यात मंगळवारी दर्शना खिडकीवर आली. रांग नव्हती. तरी ती लांबच उभी राहिली.

"दाखला पायजे."

मी म्हटलं, "मॅडम येतील ना सोमवारी."

"सोमवारपर्यंत न्हाय जमायचं. कॉलेज सोडायचा हाय."

नियमाप्रमाणे अर्ज द्यायचा, सही घ्यायची, दाखला काढायचा. मी अर्जाचा कागद काढला. मॅडमचं वाक्य आठवत होतं, पण ज्याला फॉर्म नको असतो त्याचं पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी म्हात्र्यांकडे बघितलं. त्यांच्या ओठांवर 'त्यात काय एवढं' आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं. खुर्ची मागे सारली, चपला घातल्या आणि दाराबाहेर जाऊन तिच्याजवळ उभे राहिले. दोन हात अंतर ठेवून नाही, शेजारी.

"बाजारातून आलीस ना? चल, स्टॉपपर्यंत मी पण येतो. मला तिकडंच जायचंय."

तिकडे त्यांना काहीच काम नव्हतं. मी मागच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. मोरेही आला. भर उन्हात बिनछत्रीचे म्हात्रे आणि ती मुलगी बांधावरून जात होते. म्हात्र्यांचा आवाज एवढ्या अंतरावरूनही यायला हवा होता. तो आला नाही.

बऱ्याच वेळाने ते परत आले, पायजम्याच्या कडांना मिठाचा पांढरा चिखल. माझ्या टेबलावरचा अर्जाचा कोरा कागद त्यांनी उचलून खणात टाकला.

"दाखला आज काढायचा न्हाय. फॉर्म भरतेय ती उद्या."

"काय म्हणाली?"

"ते मी सांगायचं न्हाय, राणेबाई."

म्हात्र्यांसाठी आणलेला पाण्याचा ग्लास मोरेच्या हातात तसाच राहिला. उभ्या भाईंदरची बातमी ज्यांच्याकडून आम्हाला मिळायची, त्या माणसाने हे सांगितलं होतं. मी आणखी एकदा विचारलं, चहाचं आमिष दाखवलं. नाही म्हणजे नाही. दर्शना परीक्षेला बसली. निकाल लागला तेव्हा ती खिडकीवर आली आणि रांगेच्या मधोमध उभी राहिली, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. तिच्या आणि मॅडमच्या मंगळवारांत काय होतं आणि म्हात्रे तिच्याशी काय बोलले, मला आजतागायत ठाऊक नाही.

मॅडम परत आल्यावर मी त्यांना घडलेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हात्र्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "छत्री घेऊन जायचं हो उन्हात." एवढंच. म्हात्रे उगाच फाइली लावत बसले.

दशक संपता संपता मॅडम निवृत्त झाल्या. नांदेडला परत जायचं ठरलं होतं. निरोप समारंभ झाला, नारळ झाला, प्राचार्यांचं भाषण झालं. कॉम्प्युटर तोवर नव्या मजल्यावर गेले होते आणि जुनी खोली मार्गदर्शन कक्षाला परत मिळाल्याचं त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं. मॅडमनी पुढच्या बाईंना खुर्च्या तिरक्या लावून दाखवल्या आणि घड्याळ कुठे लावायचं ते सांगितलं.

मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. मी माझे प्रश्न कागदावर ओळीने लिहून काढले होते. मूल गप्प बसलं तर किती वेळ वाट बघायची. खोटं बोलतंय असं वाटलं तर काय करायचं. तुम्हाला स्वतःला कधी रडू आलं तर. आणि सगळ्यात शेवटी, मंगळवारी दर्शनाला काय सांगत होतात. मी पर्स घेतली आणि स्टॉपवर त्यांना गाठायचं म्हणून पुढच्या रस्त्याने झपाझप निघाले. त्या बांधावरून येणार हे ठाऊक होतं.

स्टॉपसमोरच्या दुकानांपाशी पोचले आणि बांधावर बघितलं. मॅडम येत होत्या. पण शेजारी म्हात्रे होते. मिठाचं काम संपत आलेलं, बांधाच्या कडेने ढीग लागलेले, आणि त्यांच्यामधून हे दोघं सावकाश येत होते. म्हात्रे बोलत होते. नेहमीसारखी कुणाची नक्कल नव्हती की हातवारे नव्हते. जमिनीकडे बघून, अडखळत, थांबून थांबून बोलत होते. त्यांच्या घरी त्या वर्षी काहीतरी होतं, ते कधी बोलले नव्हते आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

छत्री मॅडमच्या पलीकडच्या हातात होती.

दोघं स्टॉपवर आले. बस उभीच होती, कंडक्टर दोरीला हात घालून तयार. मॅडमनी बसकडे बघितलं. मग म्हात्र्यांकडे बघितलं. म्हात्रे बोलणं अर्धं सोडून, बाजूला सरून त्यांना वाट करून देत होते. बस सुटली. मॅडम वळल्या आणि आल्या वाटेने परत चालू लागल्या, तशी म्हात्र्यांनी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवलं.

बांधाला लागण्याआधी त्यांना दुकानांसमोरूनच जायचं होतं. आणखी दोन पावलांत त्यांनी मला पाहिलं असतं. मी पाठीमागच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले.

"क्या चाहिए, बेन?" दुकानदार म्हणाला.

माझ्या हातात प्रश्नांचा कागद होता. तो मी पर्समध्ये घातला आणि समोर जे दिसलं ते मागितलं. सुतळीचं बंडल. त्याने ते तोललं, बांधलं, मी ते हातात घेतलं आणि तरी तिथेच, बाहेरची पावलं पुढे जाईपर्यंत, सुतळीचे निरनिराळे प्रकार बघत उभी राहिले.